निचिते सर उजवीकडून बोलायचे

निचिते सर डस्टर फेकायचे आणि त्यांचा नेम चुकत नसे. लाकडी पाठीचा, जड डस्टर. फळ्यावर गणित लिहिता लिहिता ते मधेच वळत, हात सुटे, आणि वहीत नाक खुपसून बसलेल्या कुणाच्या तरी कपाळावर ठक्कन आवाज होई. खडूची धूळ खाली बसायच्या आत त्यांचा शब्द यायचा, "मान वर!" माझ्या उजव्या भुवईवर त्या डस्टरची खूण अजून आहे. डाव्या कानाचं जे झालं ते वरून दिसत नाही, आणि डाव्या पायाचं सांगायला थोडा वेळ लागेल. या तिन्हींत एकाच माणसाचा हात आहे. तरीही त्या माणसाबद्दल कुणी वाईट बोललेलं मी खपवून घेत नाही. भांडते.

आमची शाळा शहापूर आणि सापगावच्या मध्ये होती. सर मूळचे मुरबाडकडचे. बुटके, काळेसावळे, मनगटं जाड, बुशशर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. निरगुडीची फोक ते पाण्याच्या बादलीत भिजत घालून ठेवत, म्हणजे मारताना मोडत नाही. एरवी पुस्तकातलं मराठी बोलत, पण राग चढला की मुरबाडची बोली बाहेर यायची, आणि ती आली की समोरच्याने समजून घ्यायचं. पालकांना याचं काही वाटत नसे. माझे बाबा शाळेत नाव घालायला आले तेव्हा म्हणाले होते, "सर, हात आखडू नका. पोर आपलीच समजा." सरांनी बाबांचा शब्द पाळला.

मी वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून शेवटच्या बाकावर. शाळेची पद्धतच तशी, बुटके पुढे आणि उंच मागे. तिथून फळा म्हणजे मला एक काळपट चौकोन दिसे. सगळ्यांनाच तसा दिसतो अशी माझी प्रामाणिक समजूत होती. हुशार मुलं खडूच्या आवाजावरून आकडे ओळखत असणार आणि आपल्याला ते जमत नाही, म्हणून आपण ढ, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. मग शेजारच्या नंदाच्या वहीतून उतरवून घ्यायचं. आठवीच्या सहामाहीनंतर एके दिवशी सरांनी मला पकडलं.

"कॉपी करतेस?" एवढंच विचारलं आणि उजव्या हाताची एक सणसणीत ठेवून दिली, डाव्या कानावर. डोक्यात कुणीतरी पत्रा आपटला असं वाटलं. मी पडले, बाकाला धरून उठले.

"फळ्यावर काय लिवलंय, वाच."

"दिसत नाय, सर."

"नंदाच्या वहीतलं दिसतंय, नि फळ्यावरचं दिसत नाय?" दुसरी बसली, त्याच कानावर. मग ते तरातरा फळ्याकडे गेले, सगळा फळा पुसला आणि त्यावर हातभर उंचीचा एकच आकडा काढला. "आता वाच!"

मी म्हटलं, "आठ." वर्ग हसला. तो तीन होता.

सर हसले नाहीत. दंडाला धरून मला एक बाक पुढे आणलं. "आता?" नाही. आणखी एक बाक. नाही. दुसऱ्या बाकापाशी आल्यावर मी म्हटलं, "तीन." तोवर कानातून निघालेलं रक्त मानेवरून कॉलरमध्ये उतरलं होतं. सरांनी ते पाहिलं, खिशातला रुमाल माझ्या हातात दिला आणि खुर्चीवर बसले. घंटा झाल्यावर फक्त विचारलं, "घरी गेल्यावर काय करतेस?"

"मणी ओवते."

आमच्या आळीतल्या सगळ्या मुली मणी ओवायच्या. उल्हासनगरहून मण्यांची पोती यायची, त्यांच्या माळा करून परत पाठवायच्या. मुलगी मोठी झाली की तिने रानात, नदीवर हुंदडायचं नाही अशी रीत. भाऊ भातसा नदीच्या पाण्यात डुंबत असायचे, आणि आम्ही खिडकीच्या वीतभर उजेडात मांडीवर परात घेऊन बसलेल्या. मण्याचं भोक दिसावं म्हणून सुई अगदी नाकाशी. शाळा सुटल्यापासून अंधार पडेपर्यंत हेच चालायचं, रविवारी तर दिवसभर.

दुसऱ्या दिवशी सर मोटारसायकलवरून आमच्या घरी आले. आई ओटीवर मणी ओवत होती, बाबा अंगणात लाकडं फोडत होते. सरांनी ओटीवर पाय ठेवला, परात पाहिली आणि ती लाथेने उडवली. लाल, निळे, सोनेरी मणी ओटीभर, अंगणभर, कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत उडाले. "पोरीला आंधळी करताय!" ते ओरडले. "डोळ्याला लांबचं बघायची सवय लागते, तुमी तिला परातीत बघायला लावता!"

बाबांना आधीच कानाचं समजलं होतं. त्यांनी कुऱ्हाड उलटी केली आणि दांडा सरांच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, उजव्या कानाने. "माझ्या पोरीचा कान फोडून माझ्याच दारात लाथा मारतोस?" बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या मास्तराला अरे-तुरे केलं. दुसरा तडाखा पाठीत बसला. सर खाली बसले, पण हात वर केला नाही. म्हणाले, "मारलंस? झालं समाधान? आता पोरीला घेऊन चल डॉक्टरकडं. कान पण दाखवू नि डोळं पण."

आणि खरोखर, मोडलेल्या खांद्याचा हात छातीशी धरून ते आमच्याबरोबर रिक्षात बसले. शहापूरच्या दवाखान्यात एकाच दुपारी सरांच्या खांद्याला पट्टा बांधला गेला, माझ्या कानाचा पडदा फाटल्याचं निघालं आणि डोळ्यांचा नंबर साडेतीन निघाला. तक्रार कुणीच केली नाही. बाबांच्या मते फिट्टंफाट झाली होती. कानाचा पडदा मात्र नीट धरला नाही. अंगण जरा खणलं की अजूनही एखादा निळा मणी वर येतो.

डॉक्टरांनी चष्मा दिवसभर लावायला सांगितला होता. बाबा म्हणाले, "शक्य नाय. चष्मेवाल्या पोरीला कोण करील? आळीत एकीला तरी चष्मा आहे का?" आळीत एकीलाही चष्मा नव्हता ते एकीचेही डोळे कुणी तपासले नव्हते म्हणून, पण हे बाबांना कोण सांगणार! सरांनी वाद घातला नाही. बहुधा माझ्या कानाकडे बघून त्यांचा आवाज खाली आला असावा. म्हणाले, "घरात नको ना? बरं. शाळेत राहील."

अशी ती डब्याची पद्धत सुरू झाली. सरांच्या कपाटात बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. त्यात माझा चष्मा राहायचा, दांडीला चिकटपट्टी आणि तिच्यावर नाव. सकाळी घ्यायचा, संध्याकाळी परत ठेवायचा. त्याच महिन्यात सरांनी एकेका मुलीला मागे मागे चालवत नेऊन शाळेतल्या सगळ्या जणींचे डोळे स्वतःच पाहिले. कमी दिसणाऱ्यांना शहापूरला नेलं, आणि वर्षभरात डब्यात अकरा चष्मे झाले. घरच्यांना पत्ता नाही, किंवा पत्ता असून दिसत नाही म्हणून चालतंय. सरांना त्या डब्याचा फार अभिमान होता. आम्हालाही होता.

चष्मा पहिल्यांदा लावला त्या दिवशी सरांनी मला मैदानात नेलं. समोर माहुलीचा डोंगर. तोवर माझ्या लेखी माहुली म्हणजे आभाळाला आलेली एक राखाडी सूज होती. सर म्हणाले, "नवरा कुठाय, नवरी कुठाय, भटजी कुठाय, दाखव." आणि मला त्या नावांचे सुळके दिसले, एकेक वेगळा, मधे आभाळ. मी रडायला लागले. कानात अजून ठणका होता, आणि मला तो माणूस त्या क्षणी देवासारखा वाटला. खोटं कशाला सांगू?

त्या दिवसापासून तिसरा तास मैदानात. ऊन असो, वारा असो, गणितं तोंडी आणि डोळे माहुलीवर. "लांब बघ गो, लांब बघ. जवळचं काय, ते जन्मभर बघायचंच आहे." वहीचं अंतर मोजायची त्यांची रीत वेगळीच होती. कोपर बाकावर टेकवायचं, मूठ गालाला लावायची, आणि डोकं त्याच्या खाली आलं की डस्टर. हो, डस्टर चालूच होता. निरगुडीही. फक्त कानावर ते कुणाला मारत नसत, आणि माझ्याशी बोलताना नेहमी माझ्या उजव्या बाजूला येऊन उभे राहत. मी बाकाच्या डाव्या टोकाला बसले असेन तर वळसा घालून येत.

दहावीच्या पूर्वपरीक्षेचे दिवस. शाळा सुटली, मी ओळीत उभी राहून चष्मा डब्यात ठेवला आणि घरी निघाले. सापगावच्या रस्त्याला तेव्हा खडीचे डंपर धावायचे. रस्ता ओलांडताना मी उजवीकडे पाहिलं, निम्मा ओलांडला. डावीकडून धुळीच्याच रंगाचा डंपर धुळीतून येत होता. दिसायला माझे डोळे सरांच्या कपाटात होते, ऐकायला माझा कान त्यांनी दोन वर्षांपूर्वीच फोडला होता. नंदा मागून किंचाळली ते ऐकू आलं आणि मी तिच्याकडे वळले. डंपरने मला आडवं केलं आणि मागचं चाक पायावरून गेलं. माझी चप्पल मला दिसत होती, जवळच होती म्हणून. ती रिकामी नव्हती.

मला उचलून टेम्पोत घातलं ते सरांनी. नंदाची ओरड शाळेपर्यंत गेली होती. कल्याणपर्यंत त्यांनी माझं डोकं मांडीवर धरून ठेवलं आणि माझे डोळे मिटायला लागले की गाल थोपटत म्हणायचे, "मान वर. गो पोरी, मान वर." त्यांचा पांढरा बुशशर्ट पोटापासून खाली लाल झाला होता. गुडघ्याखालचा पाय कापावा लागला.

पुढचं नंदाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले, निरगुडीची फोक मांडीवर मोडली, आणि तो पत्र्याचा डबा काखोटीला मारून बाकीच्या दहा मुलींना घेऊन निघाले. एकेका घरी जायचं, बापाला बाहेर बोलवायचं, त्याच्या डोळ्यांदेखत मुलीच्या नाकावर चष्मा चढवायचा आणि म्हणायचं, "हा आता उतरायचा नाय. मी लपवून ठेवला म्हणून एकीचा पाय गेला." एका घरी त्यांना ओटीवरून ढकलून दिलं. एका घरी मुलीच्या चुलत्याने तोंडावर ठोसा मारला, पुढचे दोन दात पडले. ते रक्त थुंकले आणि म्हणाले, "अजून मार. पण चष्मा राहील." सर तिथून पुढच्या घरी गेले. त्या संध्याकाळपर्यंत डब्यात एकच चष्मा उरला, माझा.

तो घेऊन ते इस्पितळात आले. ओठ सुजलेला. बाबा माझ्या उशाशी होते. सर त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "त्या टायमाला मारलंत ते कानासाठी. आता पन मारा." बाबांनी मारलं नाही. मारलं असतं तर सरांना बरं वाटलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. बाबांनी त्यांच्या हातातला चष्मा घेतला आणि स्वतः माझ्या डोळ्यांवर लावला. आयुष्यात कधी कुणाला चष्मा लावलेला नसल्यामुळे एक दांडी कानाच्या आत गेली, एक बाहेर. पण तो मी नंतर कधी उतरवला नाही.

त्यानंतर निचिते सरांनी पोरांवर हात टाकला नाही. डस्टरसुद्धा हातात घेत नसत, फळा तळहाताने पुसायचे. निवृत्त होईपर्यंत त्यांचा उजवा तळहात पांढराच असायचा असं त्यांचे नंतरचे विद्यार्थी सांगतात. त्यांना वाटतं ती सरांची लकब होती.

मी पुढे शिक्षिका झाले. आता मुरबाड तालुक्यातल्या एका शाळेत आहे, सातवीला गणित शिकवते. जयपूर फूटवर चार चार तास उभी राहते. सर निवृत्तीनंतर त्यांच्या गावी राहत होते, महिन्या-दोन महिन्यांनी मी एसटीने जायची. त्यांचा प्रश्न ठरलेला, उजवीकडे येऊन, "पोरं बाहेर काढतेस का?" मी म्हणायची, "काढते, सर." कधी काढायची, बऱ्याचदा नाही. अभ्यासक्रम संपत नाही, माहिती भरायची असते, ऊन असतं. सबबींना काय तोटा? आता कुणी मणी ओवत नाही. आता तान्ह्या मुलाला भरवतानासुद्धा हातात मोबाइल देतात, आणि तो अगदी नाकाशी. मी पालकसभेत ओरडते, पालक माना डोलवतात आणि डोलवता डोलवता मोबाइल बघतात.

यंदा पावसाळा सरल्यावरची गोष्ट. शाळेत मोबाइलला बंदी आहे. तनुजा नावाची मुलगी, सातवीतली, शेवटून दुसरा बाक, बाकाखाली मोबाइल धरून डोकं खाली घालून बसलेली. मी दोनदा नाव घेतलं. तिसऱ्यांदा तिथे गेले आणि मारली. गालावर. तिचं डोकं बाकाच्या कडेवर आपटलं, ओठ फुटला. मोबाइल मी हिसकावला आणि कपाटात टाकला. मग माझ्या हाताकडे पाहिलं. तो माझा हात नव्हता, ओळखीचा होता.

त्याच दिवशी दुपारी सरांच्या घरून निरोप आला की आता काही खरं नाही. मी गेले. खाटेवर एवढंसं अंग उरलं होतं. मी मुद्दाम खाटेच्या अशा बाजूला बसले की माझा डावा कान त्यांच्या तोंडाकडे येईल. मला वाटत होतं, आता जाताना हे माझी माफी मागणार. आणि आज सकाळनंतर त्यांना माफ करायला मी कोण होते? ऐकूच आलं नाही तर उत्तर द्यावं लागणार नाही, एवढा हिशेब होता माझा. त्यांचे ओठ हलले. मी समोरच्या भिंतीकडे बघत बसले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कोपरावर जोर देऊन उठायला लागले. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, धावल्या, "अहो, काय करताय?" त्यांनी काकूंचा हात झटकला. बसूनच, ढुंगणाने सरकत सरकत, त्यांनी खाटेवर स्वतःला उलटं केलं. उशाचं डोकं पायथ्याशी आणलं, म्हणजे माझ्या उजवीकडे. दम लागून छाती भात्यासारखी हलत होती. त्या अवस्थेत त्यांनी विचारलं, "पोरं बाहेर काढतेस का?"

मला रडू फुटलं. "नाय, सर. काढत नाय. आणि आज मी एका पोरीला मारलं."

"कुठं?"

"गालावर."

"कान?"

"नाय."

"ऐकू येतंय तिला? बघितलंस?"

"येतंय."

"का मारलंस?"

"मोबाइल बघत होती. नाकाशी धरून."

"नाकाशी," ते म्हणाले आणि डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. पण त्यांनी डोळे उघडले, आणि मी शाळेत असताना बघायचे तसे बघितलं. "किती बाकांवरून दिसतं तिला?"

मला माहीत नव्हतं. जूनपासून ती माझ्या वर्गात होती आणि मला माहीत नव्हतं.

"मग हितं कशाला बसलीस?" निचिते सर म्हणाले. "ऊठ. जा."

सकाळी मी तनुजाला मैदानात नेलं आणि कपाटातला मोबाइल तिच्या हातात दिला. म्हटलं, "काय बघत होतीस, दाखव." तिला वाटलं पुन्हा मार बसणार, ती भिंतीला टेकली. मग तिने मोबाइलचं लॉक काढून दाखवलं. फळ्याचे फोटो होते. माझ्या फळ्याचे, माझ्या अक्षरातले, जूनपासूनचे. तास सुटल्यावर पुढे जाऊन फोटो काढायचा आणि पुढच्या तासाला बाकाखाली मोठा करून, नाकाशी धरून उतरवून घ्यायचा. "मागनं दिसत नाय, मॅडम," ती म्हणाली. "सगळ्यांना तसंच दिसत असंल, पण मला वळखता येत नाय." तिचा ओठ अजून सुजलेला होता.

मी तिची माफी मागितली. लहान मुलीची माफी मागणं मला वाटलं होतं त्याहून जड गेलं. मग तिच्या आईला बोलावून घेतलं आणि तिघी मुरबाडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. नंबर चार निघाला. डॉक्टरांनी तपासणीची ती लोखंडी चौकट तिच्या नाकावर बसवली, काचा घातल्या आणि म्हणाले, दाराबाहेर जाऊन बघ जरा.

ती पायरीवर उभी राहिली. मी तिच्या मागे. ती पाट्या वाचायला लागली. किराणा, भांडी, झेरॉक्स, बी-बियाणं, मोठ्याने, एकामागून एक, जणू कुणी थांबवलं तर पाट्या पुसल्या जातील. तेवढ्यात माझ्या पर्समधला फोन वाजला. काकूंचा होता. या वेळी काकूंचा फोन कशासाठी येणार ते मला कळलं. तनुजा अजून रस्त्याच्या मध्यावरच्या पाटीपर्यंतच पोहोचली होती. मी फोन वाजू दिला, आणि तिला शेवटच्या पाटीपर्यंत वाचू दिलं.